चादरीला इस्त्री

"भिंतीवर चित्र लावून दाखवतो!" असं म्हणून मास्तर ताटावरून उठले. हात धुवून परत आले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, कारण पहिल्या वेळी कुणी नीट ऐकलं नव्हतं.

मंडळी, हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. एक्केचाळीस वर्षं एकाच टेबलावर कापड बेतत आलेला माणूस! गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच मास्तर त्याच्या कमरेचा घेर मोठ्यानं सांगायचे. आकडा इतका बरोबर असायचा की काही गिऱ्हाइकं पायरीवरूनच परत जायची. गळ्यात टेप असायची, पण ती लोकांच्या समाधानासाठी. मास्तरांना स्वतःला टेपेची गरज नव्हती, निदान मास्तरांच्या मते तरी नव्हती.

आणि अशा माणसाला त्याच्या सख्ख्या मुलानं, त्याच्याच घरात, जेवता जेवता सांगावं, "बाबा, उद्यापासून बेतायचं मी बघतो. तुम्ही काजं करा."

काजं! शर्टाला बटणांची भोकं पाडून त्यांच्या कडा शिवत बसायचं! ज्या हातानं शेकडो नवरदेवांचे कोट बेतले त्या हातानं आता भोकं शिवायची! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"का? काय कमी पडलं माझ्यात?"

"वकिलांच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच आखूड झाली."

"वकील तिरका उभा राहतो. त्याला मी काय करू?"

"त्याआधी त्या शेजाऱ्याच्या शर्टाची."

"तो माणूसच तिरका आहे!"

"आणि आईचं जाकीट?"

यावर मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका बाई तुमच्यात." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "मी मात्र सरळ उभी होते."

झालं! घर फितूर निघालं. मास्तरांनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढून टेबलावर आपटला. समोरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानाबाहेरून तो त्यांनी सकाळीच, पाठीमागे मापं लिहायला म्हणून, आणला होता. आणला म्हणजे फाडून आणला होता. 'पाहून चित्र काढायला शिका. नवशिक्यांसाठी. सहा रविवार. अखेरीस निवडक चित्रांचं प्रदर्शन.'

"डोळ्याचीच परीक्षा आहे ना? मग होऊन जाऊ दे! माझं चित्र त्या भिंतीवर लागलं, तर मरेपर्यंत बेतायचं टेबल माझं. नाही लागलं तर गुपचूप काजं करीन."

"बाबा, तुम्ही आयुष्यात कधी चित्र काढलंय का?"

"रोज खडूनं काढतो. फरक इतकाच, की माझं चित्र लोकांना अंगात घालता येतं!"

पैज लागली. बायको साक्षीदार झाली, पण साक्षीदाराला शोभू नये इतकी ती हसत होती.

चित्रांचा वर्ग एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. मोठी खिडकी, कोळशानं काळी झालेली फरशी, चित्राचा कागद लावायच्या, गोलाकार मांडलेल्या नऊ तिकाटण्या आणि मधोमध एक टेबल. शिकवणारी मॅडम मास्तरांच्या मुलीच्या वयाची. तिच्या नाकाच्या शेंड्याला कोळसा लागलेला होता आणि ते तिला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. मास्तरांच्या शेजारच्या तिकाटणीवर एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी पेन्सिलींचा अख्खा संच आणला होता आणि तो एखाद्याची दाढ काढायची असल्यासारखा ओळीनं मांडून ठेवला होता.

टेबलावर मॅडमनी एक किटली ठेवली.

"हात लांब करा. कोपरात वाकवू नका. एक डोळा मिटा. आता पेन्सिल धरून किटलीचं माप घ्या. हात लावायचा नाही, फक्त डोळ्यानं."

मास्तरांना गहिवरून आलं. फक्त डोळ्यानं! एक्केचाळीस वर्षं ते दुसरं काय सांगत होते? त्यांनी एक डोळा मिटला आणि पेन्सिल पुढे न करताच जाहीर केलं, "उंची पावणेनऊ. पोटाचा घेर बावीस!"

"काका, इंच नकोत. रुंदीच्या मानानं उंची किती, एवढंच बघायचं."

"पण बावीसच आहे. मोजून बघा!" असं म्हणून मास्तर टेप काढून टेबलाकडे गेलेसुद्धा. घेर साडेबावीस भरला. "किटली फुगलीय," मास्तर म्हणाले आणि जागेवर आले.

तासाभरानं मॅडम त्यांच्या कागदापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. कागदावर किटली नव्हती. चार वेगवेगळे विचित्र आकार होते, आणि प्रत्येकाच्या भोवती तुटक रेघ.

"काका, हे काय आहे?"

"ही पाठ, हे पोट, ही तोटी आणि ही मूठ. आणि ही तुटक रेघ म्हणजे माया. शिलाईला अर्धा इंच जास्तीचा सोडलाय."

"शिलाईला?"

"नाहीतर जोडणार कशी?"

मॅडमनी डोळे मिटले. एक नाही, दोन्ही. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्हाला किटलीबद्दल जे माहीत आहे ते काढू नका. इथे बसून जे दिसतंय तेवढंच काढा. पाठ दिसतेय का तुम्हाला?"

"दिसत नाही. पण आहे."

"दिसत नाही ना? मग नाही काढायची!"

मास्तरांना हे मुळीच पटलं नाही. पाठीशिवाय वस्तू विकली तर गिऱ्हाईक दुकान जाळील! पण पैज होती. दुसऱ्या रविवारी त्यांनी दात-ओठ खाऊन बिनपाठीची किटली काढली. मॅडम "बरी आहे" म्हणाल्या. हे 'बरी' मास्तरांनी घरी पोचेपर्यंत 'फारच बरी' केलं.

खरा घोळ झाला तो चादरीपायी.

तिसऱ्या रविवारी मॅडमनी एक लाकडी खुर्ची मधोमध ठेवली आणि तिच्यावर एक मोठी पांढरी चादर वरून सोडून दिली. चादर कशीही पडली. कुठे चुरगळली, कुठे लोंबली, कुठे खुर्चीच्या पाठीवर अडकून राहिली. मग मॅडमनी खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि शेजारी पाटी लावली, 'हात लावू नये.'

"तीन रविवार हेच काढायचंय," त्या म्हणाल्या. "एकेक चुणी नीट बघा. उजेड कुठे पडतो, सावली कुठे जाते. चादर जरासुद्धा हलता कामा नये, नाहीतर सगळ्यांची मेहनत वाया."

शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलंच नाही. ते चादरीकडे बघत होते. चांगलं सुती कापड, आणि त्याची ही दशा! एका कडेला तर दोरे सुटले होते! मास्तरांनी पेन्सिल हातात घेतली, पण हात पुढे जाईना. एखाद्या वैद्यापुढे माणूस कण्हत पडलाय, आणि वैद्याला सांगितलंय, याचं चित्र काढ! अख्खा रविवार कागद कोरा राहिला. शेजारी डॉक्टर मात्र जीभ बाहेर काढून एकाच चुणीवर दोन तास छाया भरत होते.

घरी मास्तर बायकोला म्हणाले, "गुणी पोरगी आहे, पण बिचारीला वेळ होत नाही. चादरीला इस्त्रीसुद्धा करता येत नाही तिला."

"अहो, तुम्ही काही करू नका हं तिथे."

"मी कशाला काय करू?"

चौथ्या रविवारी मास्तर अर्धा तास आधी पोचले. हातातल्या पिशवीत दुकानातली जड इस्त्री, दोरा ओवलेली सुई, पाणी मारायची बाटली. खोलीत कुणी नव्हतं. पाटी त्यांनी वाचली. नियम मोडणारे ते नव्हेत. पण पाटी लहान मुलांसाठी असणार, असं त्यांनी ठरवलं. मोठ्या माणसांच्या वर्गात लहान मुलं कुठून येणार, याचा विचार करायला वेळ नव्हता.

काय ती इस्त्री केली मास्तरांनी! पाण्याचा हलका शिडकावा, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच सलग हात. सुटलेले दोरे कापले. कड दुमडून टीप घातली. मग चादर खुर्चीवर अशी ताणून बसवली की चारही बाजू फरशीपासून बरोबर चार बोटं वर. खुर्ची खुणांवरून तसूभर हलली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. मास्तर हात बांधून बाजूला उभे राहिले आणि कौतुकाची वाट बघू लागले.

आधी डॉक्टर आले. तिकाटणीसमोर बसले, पेन्सिल उचलली, डोळा मिटला. तो उघडला, दुसरा मिटला. मग दोन्ही उघडले.

"माझी चुणी कुठे गेली?"

"कुठली?" मास्तरांनी हसून विचारलं.

"डावीकडून तिसरी! दोन तास घालवलेत मी तिच्यावर!"

"गेली!" मास्तर अभिमानानं म्हणाले. "तिसरीच काय, एकही ठेवली नाही."

तेवढ्यात मॅडम आत आल्या. त्यांच्या पाठोपाठ बाकीचे सातजण. सगळे खुर्चीकडे बघत राहिले. खोलीत इतकी शांतता झाली की इस्त्री थंड होताना टकटक वाजत होती तेवढंच ऐकू येत होतं.

"काका," मॅडमचा आवाज चिरकला, "तुम्ही चादरीला इस्त्री केलीत?"

"कड पण शिवली. आभार नकोत."

मग जो कल्ला झाला तो काही विचारू नका! डॉक्टर म्हणत होते, यांना बाहेर काढा. एकजण म्हणाला, आता चित्रच सपाट चादरीचं करू, पाच मिनिटांत होईल. मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी डोकं दाबत होत्या, आणि आता कोळसा कपाळालाही लागला होता.

दुसरा कुणी असता तर पिशवी उचलून गेला असता. मास्तर जागचे हलले नाहीत. "चुण्याच पाहिजेत ना? मग त्यात रडण्यासारखं काय आहे? किती पाहिजेत?" असं म्हणून त्यांनी टाचण्या काढल्या आणि दहा मिनिटांत सबंध चादरीला दोन-दोन इंचांवर अशा एकसारख्या चुण्या घातल्या, की खुर्ची लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली.

"अशा नव्हत्या!" मॅडम ओरडल्या. "त्या आपोआप पडलेल्या होत्या!"

"आपोआप पडलेल्या चुणीला आमच्यात बेशिस्त म्हणतात."

"मला तीच बेशिस्त परत पाहिजे!"

हे बोलताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्तर पहिल्यांदाच वरमले. पण वरमलेला माणूस गप्प बसतोच असं नाही. "देतो," ते म्हणाले. "जशीच्या तशी देतो. सगळ्यांनी आपापले कागद तिकाटणीवर लावा!"

नऊ तिकाटण्यांपैकी आठांवर अर्धवट चित्रं लागली. नववीवर मास्तरांचा कोरा कागद. मास्तर पहिल्या चित्रासमोर बसले, हात लांब केला, एक डोळा मिटला, पेन्सिलीनं चुणीचा उतार धरला, उठले, चादर चिमटीत धरून तेवढीच सोडली. मग दुसऱ्या तिकाटणीवर. तिथून तीच चुणी वेगळी दिसत होती. पुन्हा खुर्चीकडे. मग तिसऱ्या तिकाटणीवर. बसायचं, बघायचं, उठायचं, सोडायचं! दोन तास मास्तर त्या खोलीत गरगर फिरत होते. सगळे आधी चिडून, मग कुतूहलानं, मग चक्क श्वास रोखून बघत होते. किटलीची पाठ काढणारा माणूस आता ज्या जागेवर बसेल तिथून जे दिसतं तेवढंच बघत होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

डॉक्टरांच्या चित्रापाशी मात्र गाडी अडली.

"ही तुमची तिसरी चुणी इथे असूच शकत नाही."

"म्हणजे काय? मी डोळ्यांनी पाहून काढलीय!"

"कापड असं पडत नाही, डॉक्टर. वर जिथे आधार असतो तिथूनच चुणी निघते. ही मध्येच कुठून उगवली? तुमची पेन्सिल घसरली असेल आणि झाकायला तुम्ही चुणी काढली असेल. मनचं काढलंत तुम्ही!"

"मी? मनचं?"

मास्तरांनी चादर उचलून पुन्हा सोडली. एकदा, दोनदा, पाचदा. दर वेळी चुणी खुर्चीच्या कोपऱ्यापासूनच निघाली. डॉक्टर लाल झाले. मॅडम जवळ येऊन वाकून बघत म्हणाल्या, "डॉक्टर, काकांचं बरोबर आहे." डॉक्टरांनी खोडरबर उचललं खरं, पण मास्तरांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणत होते, पुढेमागे हा माणूस दात दुखतोय म्हणून आला तर बघून घेईन.

वर्ग संपायला पाच मिनिटं असताना चादर आठही कागदांना जुळली. जशीच्या तशी बेशिस्त! एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, आता पुढच्या रविवारी तुम्हीही काढा. तुमच्याइतकी ही चादर इथे कुणालाच माहीत नाही."

पाचव्या रविवारी मास्तरांनी चित्र काढायला घेतलं आणि हात असा चालला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. प्रत्येक चुणी बोटांना पाठ होती. चादर झाली, सावल्या झाल्या, चादरीखाली दिसणारे खुर्चीचे पुढचे दोन पायही झाले. मग मॅडमनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी हात लांब करून शेवटचं माप घेतलं. खुर्चीचे दोन्ही पाय सारखे. कागदावरचे दोन पाय... डावा आखूड.

मास्तरांनी तो खोडला. नीट बघून पुन्हा काढला. पेन्सिल लावली. आखूड. खिडकीजवळ जाऊन आले, चष्मा पुसला, पुन्हा काढला. आखूड! तीन वेळा काढला आणि तिन्ही वेळा तेवढाच आखूड. खुर्ची काही वकील नव्हती. ती तिरकी उभी नव्हती.

मुलाचं बरोबर होतं. बायकोचं जाकीट, तो शर्ट, तो कोट, सगळं त्यांना त्या एका आखूड पायात दिसलं. टेबल गेलं, एक्केचाळीस वर्षं गेली, आता उरली ती काजं.

आणि मग मंडळी, मास्तरांनी काय केलं असेल? हार मानली? छे! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि डाव्या पायावरून एक लांब, सुंदर, भरघोस चुणी खाली सोडली. पाय झाकला. प्रत्यक्षात तिथे चुणी नव्हती. पण असती तर अशीच असती!

सहाव्या रविवारी प्रदर्शन भरलं. भिंतीवर चार चित्रं लागली आणि त्यांतलं एक मास्तरांचं! मास्तर नवा सदरा घालून त्याच्याखाली असे उभे राहिले, की चित्र पाहायचं तर आधी त्यांना पाहावं लागे. मुलगा आला, बायको आली. मॅडम त्यांना म्हणाल्या, "पहिल्या दिवशी यांनी किटली बेतली होती. आणि आता बघा. विशेषतः ही डावीकडची चुणी!"

तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले. त्यांचं चित्र भिंतीवर लागलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक कागदाला टेकेपर्यंत वाकले आणि आनंदानं ओरडले, "ही चुणी तिथे नव्हती! मी त्याच बाजूला बसत होतो! मास्तर, मनचं काढलंत तुम्ही!"

"कापड असंच पडतं!" मास्तर गरजले.

"पडत असेल, पण पडलं नव्हतं!"

"तुमची जागा वेगळी होती!"

"तुमच्या शेजारी होती!"

मॅडम गोंधळून चित्राकडे बघू लागल्या. मुलगाही पुढे येऊन बघू लागला. तो शिंप्याचा मुलगा. कापडात मुद्दाम घातलेली चुणी काय झाकते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यानं चुणी पाहिली, उजवा पाय पाहिला, मग बापाकडे पाहिलं. मास्तरांनी मान खिडकीकडे फिरवली.

"डॉक्टर," मुलगा म्हणाला, "चुणी चांगली आहे की नाही?"

"चांगली आहे हो, पण..."

"मग झालं." आणि बापाकडे वळून तो हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही जिंकलात. टेबल तुमचं."

रात्री मास्तर कमी जेवले. बायकोला वाटलं, आनंदानं.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा मुलानं टेबल पुसून ठेवलं होतं. त्यावर नवं कापड, खडू, कात्री, सगळं मांडलेलं. आणि तो स्वतः काजांच्या स्टुलावर जाऊन बसला होता. मास्तर टेबलापाशी उभे राहिले. कापडावरून हात फिरवला. खडू उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला, आणि मुलापुढे धरला.

"ऊठ तिथून."

"का? काय झालं?"

"टेबल माझं आहे. पैजेवर जिंकलंय. आई साक्षीदार आहे. त्याच्यावर कुणी काम करायचं ते मी ठरवणार. आजपासून मी तुला ते वापरायला देतोय! देतोय, लक्षात ठेव. तू घेतलेलं नाहीस!"

मुलानं खडू घेतला. "नाही बाबा. तुम्ही दिलंत म्हणून."

"हां! आणि काजांचं म्हणशील तर काजं मी डोळे मिटून करतो. उगीच मदतीला येऊ नकोस!"

मास्तर ताठ मानेनं स्टुलावर बसले. मुलगा कापड बेतायला लागला. खूप वेळानं, मान वर न करता, मास्तर म्हणाले,

"सुई तेवढी ओवून दे रे."